गावच्या बांधकामावर दुरून लक्ष कसं ठेवायचं?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो, चिपळूणजवळ गावी घर बांधतोय. ठेकेदार रोज व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो. पण काम नीट चाललंय का, हे त्यातून कळत नाही.

उत्तर : रोजच्या फोटोंनी समाधान मिळतं, माहिती नाही. जे पुढे झाकलं जाणार, त्याचेच फोटो मागा. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी मात्र स्वतः जा किंवा इंजिनिअरला पाठवा. तो ठेकेदाराचा मेहुणा नसावा, एवढं बघा. सळ्या सेंट्रिंगच्या फळ्यांना टेकलेल्या दिसल्या तर स्लॅब थांबवा. खाली किमान २० मिमीचे कव्हर ब्लॉक हवेत. खडीचा तुकडा सरकवून वेळ मारून नेतात, तो चालवून घेऊ नका. कोकणच्या दमट हवेत कव्हर कमी पडलं की सळी गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात.

माल पातळ करायला वरून पाणी ओतू देऊ नका. पीपीसी सिमेंट असेल तर स्लॅबवर वाफे करून किमान १० दिवस पाणी साठवा. तुळयांखालचे टेकू १४ दिवसांच्या आत काढायचे नाहीत. सहा मीटरहून लांब तुळई असेल तर २१. गणपतीला घरात जायचंय म्हणून तुम्हीच घाई कराल, ठेकेदार नाही!

प्लास्टरआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो टेप धरून काढा. उद्या खिळा ठोकताना उपयोगी पडतील. हप्ते तारखेवर नको, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर द्या.