अळिंबीला सौर वीज पेलते, केशराला नाही

शेतघरात वीजजोड नाही, किंवा आहे पण लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मनात मात्र खोलीत मशरूम, मायक्रोग्रीन्स नाहीतर केशर घ्यायचा बेत आहे. अशा वेळी बहुतेक जण सोलरच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘एक किलोवॅट कितीला बसेल?’ हा प्रश्न विचारायचाच आहे, पण दुसऱ्या नंबरला. पहिला प्रश्न पिकाला विचारायचा : बाबा, तुला दिवसाला किती युनिट लागतात? त्याच्या उत्तरावर खर्च 40 हजारांत बसतो की पाच लाखांत, हे ठरते.

खाली दिलेले दर किरकोळ बाजारातले अंदाजे आहेत. कंपनी, गाव आणि वाहतूक यांनुसार ते खालीवर होतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

आधी वॅट मोजा

एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले रोजचे तास, भागिले हजार. एवढेच गणित, पण ते डब्यावरच्या आकड्यावर करू नका. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. माझ्या रॅकच्या एका कप्प्यात 20 वॅटचे दोन एलईडी बॅटन आहेत. मीटर 40 ऐवजी 44 दाखवतो. फरक चारच वॅटचा, पण चार कप्पे आणि चौदा तास धरले तर रोज जवळपास पाव युनिट.

दुसरा आकडा पॅनलचा. महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनलमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरावेत. जुलैच्या झाकोळलेल्या दिवसांत त्याचे निम्मे किंवा त्याहूनही कमी मिळते. शिवाय बॅटरीत भरताना, काढताना, वायरीत, उष्णतेत आणि धुळीत मिळून पाव हिस्सा गळतो. म्हणून लागणाऱ्या युनिटना 0.75 ने भागायचे आणि मग पॅनल ठरवायचे.

धिंगरी अळिंबी : अर्ध्या युनिटाचे पीक

धिंगरीला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. भाताचे, गव्हाचे किंवा सोयाबीनचे काड भरलेल्या पिशव्यांत बुरशी पसरते तेव्हा अंधार चालतो. पुढे फुटवे येताना थोडा उजेड आणि खेळती हवा पुरते. दहा बाय पंधरा फुटांच्या झोपडीचा रोजचा हिशेब असा :

- फॉगरचा 12 व्होल्ट पंप, 80 वॅट, थोडाथोडा मिळून एक तास : 80 वॅट-तास
- 12 व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा, 30 वॅट, आठ तास : 240
- नऊ वॅटचे दोन दिवे, आठ तास : 144
- एकूण 464, म्हणजे अर्धा युनिटही नाही

इथे इन्व्हर्टर घेऊच नका. बरेचसे इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसते चालू राहायला 15 ते 25 वॅट खातात. चोवीस तासांचे होतात 0.36 ते 0.6 युनिट, म्हणजे साऱ्या झोपडीला लागते तेवढी वीज त्या खोक्यालाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पंप, पंखा, दिवे सगळे 12 व्होल्ट डीसीचे घ्या.

- 165 वॅटचे, 12 व्होल्टचे दोन पॅनल : 13 ते 16 हजार
- 30 अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर : दीड ते अडीच हजार
- 150 एएचची (अँपिअर-तास) एक ट्यूब्युलर सोलर बॅटरी : 15 ते 18 हजार
- स्टँड, वायर, फ्यूज, डीसी एमसीबी : 5 ते 7 हजार
- एकूण : सुमारे 35 ते 44 हजार

पॅनल मुद्दाम गरजेच्या दुप्पट धरले आहेत, कारण हिशेब उन्हाळ्याचा नव्हे, पावसाळ्याचा करायचा. पैसे वाचवायला कोणी एकच मोठा 24 व्होल्टचा पॅनल सुचवला, तर त्याला पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालणार नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्या पॅनलची निम्मी ताकद वाया जाते. तिथे एमपीपीटी कंट्रोलरच हवा, आणि तो महाग असतो.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. पंप बॅटरीपासून 20 मीटरवर असेल आणि वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर 80 वॅटच्या पंपाला पोचेपर्यंत 12 मधले दोन व्होल्ट वाटेतच जातात. पंप घरघरतो, फवारा धुक्यासारखा न पडता थेंबाथेंबाने पडतो आणि आपण नोझल साफ करत बसतो. बॅटरी झोपडीला लागून ठेवा, पण आत नको. आतल्या ओलाव्याने टर्मिनलवर हिरवट-पांढरी साय धरते. टर्मिनलला व्हॅसलीन लावा आणि बॅटरी हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

मायक्रोग्रीन्सचा रॅक : लाखाच्या आसपास

मुळा, मोहरी, सूर्यफूल यांचे कोवळे कोंब सात ते चौदा दिवसांत कापायला येतात. पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकलेले असतात, नंतर रोज 12 ते 16 तास उजेड लागतो. चार कप्प्यांच्या रॅकचे आठ बॅटन म्हणजे डब्यावरच्या आकड्याने 160 वॅट; तुमचा मीटर जास्त दाखवेल तर तोच आकडा धरा. चौदा तासांचे 2.24 युनिट. छोटा पंखा 0.48. इन्व्हर्टरचा स्वतःचा खुराक जवळपास तेवढाच. बेरीज 3.2 युनिट, गळती धरून 4.3. म्हणजे 550 वॅटचे दोन पॅनल.

- दोन पॅनल : 26 ते 32 हजार
- 24 व्होल्टचा एमपीपीटी सोलर इन्व्हर्टर : 14 ते 22 हजार
- 150 एएचच्या दोन बॅटऱ्या : 30 ते 36 हजार
- स्टँड : 6 ते 10 हजार
- वायरिंग, अर्थिंग, वीजरोधक, डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) : 8 ते 12 हजार
- मजुरी : 4 ते 6 हजार
- एकूण : 88 हजार ते 1 लाख 18 हजार

यात बचतीची एक फुकट युक्ती आहे. कोंबांना खरा दिवस आणि खोटा दिवस कळत नाही. टायमर सांगेल ती सकाळ. ‘रात्री गारवा असतो’ म्हणून काही जण दिवे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ लावतात. तसे केले तर रोज सुमारे तीन युनिट बॅटरीतून काढावे लागतात आणि बॅटऱ्या दोनऐवजी चार लागतात. तेच दिवे सकाळी आठ ते रात्री दहा लावले, तर बहुतेक वीज पॅनलमधून थेट मिळते आणि बॅटरीवर दीड युनिटाचाच भार येतो. टायमरचे काटे फिरवून 30 हजार रुपये वाचतात.

पावसाळ्यात मात्र हा संच चार कप्पे ओढणार नाही. जून ते सप्टेंबर दोनच कप्पे चालवायचे, असे आधीच ठरवून गिऱ्हाइकांना सांगून ठेवावे.

लेट्यूस आणि केशर : इथे थांबा

लेट्यूस बंद खोलीत नीट वाढवायचा तर एका चौरस मीटरला सुमारे 100 वॅटचे ग्रो-लाईट सोळा तास लागतात, म्हणजे 1.6 युनिट. त्यासाठी गळती धरून 550 वॅटचा एक अख्खा पॅनल हवा, आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर. थोडक्यात, छतावर अडीच चौरस मीटर ऊन गोळा करायचे आणि खाली एका चौरस मीटरवर दिव्यातून सांडायचे. त्यापेक्षा लेट्यूसलाच छतावर शेडनेटखाली नेऊन ठेवा.

केशराचे गणित याहून कडू. एक ग्रॅम सुक्या केशराला सुमारे दीडशे फुले लागतात. फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, त्याआधी कंदांना खोलीत थंडावा द्यावा लागतो, आणि आपल्याकडे त्या काळात आभाळ भरलेले असते. दीड टनाचा एसी रात्रंदिवस चालला तर दिवसाला 15 युनिट सहज जातात. त्यासाठी पाच किलोवॅट पॅनल आणि रात्रीच्या नऊ युनिटांसाठी 150 एएचच्या दहा बॅटऱ्या. नुसत्या बॅटऱ्याच 1.5 ते 1.8 लाखांच्या, त्याही चार-पाच वर्षांत बदलायच्या. बटन मशरूमलाही फळधारणेच्या वेळी 14 ते 18 अंश लागतात, म्हणून तेही याच रांगेत.

खरा खर्च बॅटरीचा

पॅनल पंचवीस वर्षे टिकतो, म्हणून सगळे त्याचाच भाव करतात. खिसा रिकामा करते ती बॅटरी. 150 एएच गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1.8 युनिट. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्मीच रिकामी करावी, म्हणजे हाती 0.9. रॅकच्या दोन बॅटऱ्या रोज दीड युनिट देऊन पाच वर्षे टिकल्या, तर सुमारे 2,700 युनिट मिळतात. किंमत 30 ते 36 हजार. म्हणजे युनिटमागे 11 ते 13 रुपये फक्त बॅटरीचे. सगळा संच दहा वर्षांचा, मध्ये एकदा बॅटऱ्या बदलून, आणि पावसाळ्यातली तूट धरून 9,000 युनिट मोजले तर दर पडतो 13 ते 17 रुपये. आता तुमच्या वीजबिलाची एकूण रक्कम वापरलेल्या युनिटांनी भागा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 ते 90 टक्के वापरता येते, पाणी घालावे लागत नाही आणि हजारो वेळा चार्ज होते. सुरुवातीला महाग, पण रोज वापर असेल तर दहा वर्षांच्या हिशेबात बहुधा तीच स्वस्त पडते. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का, ते बिल करण्याआधी पाहा.

दुकानात विचारायचे प्रश्न

1. बॅटरी सी-10 आहे की सी-20, म्हणजे तिची क्षमता दहा तासांत रिकामी करून मोजली आहे की वीस तासांत? घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बहुधा सी-20 असते. सोलरला सी-10 मागा. मी स्वतः पहिल्यांदा फक्त ‘150’ हा आकडा वाचून घरी आलो होतो.
2. वॉरंटी साठ महिन्यांची, पण त्यात बदलून मिळण्याचे महिने किती आणि ‘प्रो-राटा’ किती? प्रो-राटा म्हणजे नव्या बॅटरीवर नुसती सूट.
3. पॅनलचे ओपन-सर्किट व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसते का? दोन मोठे पॅनल सिरीजमध्ये जोडले की ते सुमारे 100 व्होल्टवर जाते.
4. जुन्या बॅटरीचे किती देणार? शिसे फुकट सोडू नका.
5. जीएसटी किती लावला? सोलर पॅनलवर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 वरून 5 टक्के झाला आहे.

अनुदानाबद्दल

‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छतावरील एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन व त्याहून अधिकला 78 हजार रुपये अनुदान आहे. पण ते महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती संचाला. रानातल्या स्वतंत्र बॅटरी-संचाला ते मिळत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हटले तर सावध राहा. आणि बॅटरी नसलेला, जाळ्याला जोडलेला संच लाईट गेली की स्वतःही बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोयच केलेली असते.

तेव्हा निवाडा असा. वीजजोड दारात असेल तर पीक त्याच विजेवर घ्या आणि बॅटरी लाईट जाण्यापुरतीच ठेवा. जोड नसेल तर धिंगरीपासून सुरुवात करा. साधारण 40 हजारांत बसते आणि पावसाळाही काढते. मायक्रोग्रीन्स घ्यायचे तर गिऱ्हाईक आधी पक्के करा, रॅक नंतर. आणि ज्या पिकाला एसी लागतो, ते बॅटरीवर घेऊ नका.