जीव वाचला, आता शुक्र कसा अदा करावा?



संकट टळताच ओठांवर ‘अल्हम्दुलिल्लाह’ येणे हे ईमानाचे लक्षण आहे. परंतु हा शब्द उच्चारल्यानंतर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. ईदसाठी मुंबईहून कोकणातील गावी निघालेल्या गाडीला महामार्गावर अपघात व्हावा, घरातील तरुण मुलाने कित्येक दिवस अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंज द्यावी आणि अखेर डोळे उघडावेत, असे प्रसंग आपल्या वस्त्यांना अपरिचित नाहीत. मग घरात मिठाई येते, सदका दिला जातो आणि कोणीतरी सहज म्हणून जाते, “आपली नेकी कामी आली, म्हणून अल्लाहने वाचवले.”

हे वाक्य प्रेमापोटी आलेले असते, तरीही ते तपासून पाहिले पाहिजे. त्याच अपघातात दुसऱ्या घरातील मुलगा दगावला असेल, तर त्याच्या आईने काय समजावे? तिची दुआ कमी पडली, असे? आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे पुत्र इब्राहीम (रजि.) बालवयातच हे जग सोडून गेले. त्या वेळी प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते; मात्र मुखातून पालनकर्त्याला अप्रिय असा एक शब्दही निघाला नाही. सर्व मानवांत श्रेष्ठ असलेल्या पित्याच्या मांडीवरून मूल उचलले गेले असेल, तर जीव वाचणे हे कोणाच्या पुण्याईचे प्रमाणपत्र कसे ठरेल? आणि जीव जाणे हा कोणाच्या पापाचा पुरावा कसा ठरेल?

पवित्र कुरआनच्या सूरह फज्रमध्ये (८९:१५-१७) मानवाच्या याच समजुतीवर बोट ठेवले आहे. नेमत मिळाली की माणूस म्हणतो, पालनकर्त्याने माझा सन्मान केला. रोजी आवळली गेली की म्हणतो, त्याने माझा अपमान केला. अल्लाह या दोन्ही निष्कर्षांना ठामपणे नाकारतो, कारण देणे आणि आवळणे या दोन्ही परीक्षा आहेत. विशेष म्हणजे त्याला लागूनच अनाथाचा सन्मान न करणाऱ्यांना जाब विचारला आहे. याचा बोध स्पष्ट आहे. ज्याला मिळाले, त्याने आपली पात्रता मोजत बसू नये. ज्याचे हरपले, त्याच्या दाराकडे वळावे.

शुक्राला संपूर्ण सुखाची अट नाही, हेही ध्यानात घ्यावे. हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) हे हजरत अस्मा (रजि.) यांचे पुत्र आणि मदीनेतील थोर विद्वान. दमास्कसच्या प्रवासात त्यांचा पाय सडू लागला व तो कापावा लागला. त्याच प्रवासात जनावराची लाथ बसून त्यांचा एक मुलगा मरण पावला. तरीही अल्लाहसमोर त्यांनी आपल्या नेमतींचाच हिशेब मांडला: चार अवयवांपैकी एक घेतला, तीन राखले, मुलांपैकी एक नेला, बाकीचे राखले. अपघातानंतर कुबड्या घेऊन घरी परतलेल्या तरुणाला आणि त्याच्या आईवडिलांना या प्रसंगात मोठा आधार आहे. वेदना नाकारून नव्हे, तर वेदना सोसत असतानाच, जे शिल्लक आहे ते ओळखणे म्हणजे शुक्र.

उलमा सांगतात की शुक्र अंतःकरणाने, जिभेने आणि कृतीने अदा होतो. अंतःकरणाने अदा होणारा शुक्र असा, की नवे आयुष्य ही अमानत आहे हे मनापासून मान्य करावे.

जिभेचा शुक्र अल्लाहच्या स्तुतीने सुरू होतो, पण तेथे संपत नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. रस्त्यात गाडी थांबवणारा अनोळखी चालक, १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टर, रात्रभर जागलेली परिचारिका, रक्त देणारा परधर्मीय युवक, या सर्वांना शोधून त्यांचे आभार माना. अल्लाहची मदत त्यांच्याच हातांनी आपल्यापर्यंत पोहोचली.

कृतीचा शुक्र सर्वांत कठीण. आनंदाची वार्ता आली की प्रेषित (सल्ल.) सजद्यात जात. रुग्णाने नमाज सोडू नये, आजारी असलेल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले. बेशुद्धीत सुटलेल्या नमाजांचा हुकूम हनफी व शाफई मसलकांत भिन्न आहे. तो आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

आपल्याच मुलाच्या वेगामुळे किंवा डुलकीमुळे दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त झाले असेल, तर केवळ तौबा पुरेशी नाही. तो ‘हुकूकुल इबाद’चा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. त्या घरी जावे, क्षमा मागावी, भरपाई द्यावी आणि सत्य लपवू नये. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची शिकवण आज हेल्मेट, सीट बेल्ट आणि झोप आल्यास गाडी थांबवणे या रूपांत पाळावी. रस्त्यात कोणी जखमी दिसल्यास पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नये. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. आणि सूरह माइदा (५:३२) तर एका जिवाला वाचवणे हे सकल मानवजातीला वाचवण्यासारखे मानते.

अल्लाह जखमींना शिफा देवो, ज्यांची माणसे गेली त्यांना सब्र देवो आणि ज्यांची परतली त्यांना शुक्राचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.