महसुली अपील : मुदतीचे भान

फेरफार नोंदीत वारसाचे नाव गळले, तर हक्क खरा असूनही सदोष अपिलामुळे तो दुर्बल ठरू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० अन्वये महसूल विभागातील जिल्हाधिकाऱ्यांहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील करावे लागते. ही मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. नक्कल तयार होण्यास लागलेला काळ वगळला जातो. कलम २५४ प्रमाणे, सूट मिळाली नसल्यास, आदेशाची प्रमाणित प्रत अपिलासोबत जोडणे आवश्यक असते. विलंब झाल्यास कलम २५१ खाली पुरेसे कारण दाखवावे लागते. तेव्हा सल्ला मागणाऱ्या शेतकऱ्यास पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी प्रथम विचारावे : आदेश कोणत्या तारखेस मिळाला?