झाडू कोणाच्या हाती?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव होय. झाडलोट हे हलके काम नव्हे, हे गोदाकाठच्या लोकांनी त्यांच्या अभंगांतून शतकानुशतके ऐकले. तरी गावाचा झाडू ठराविक जातींच्याच हाती राहिला.

ही समजूत मोडावयास गाडगेबाबा (१८७६–१९५६) पुढे झाले. ज्या गावी जात तेथे ते दिवसा स्वतः रस्ते झाडीत व रात्री कीर्तन करीत. त्यांच्याच नावाने महाराष्ट्र सरकारने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान स्पर्धेच्या रूपाने आरंभिले. गावकऱ्यांनी आधी श्रमदानाने रस्ते झाडावे, गटारे काढावी, शोषखड्डे खणावे. मग परीक्षकांनी येऊन पाहावे, आणि जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी बक्षिसे द्यावी, अशी तिची रीत.

यातील मर्म आपण नीट ध्यानात घेऊ. बक्षीस एका घरास नव्हे, सबंध गावास मिळते. वेशीपाशी सडा-रांगोळी, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत सांडपाणी तुंबलेले, तर ते गाव स्वच्छ कसे म्हणावे? त्या डबक्यातला डास पाटलाचा वाडाही सोडीत नाही.

म्हणून आपल्या गावी स्पर्धेची गोष्ट निघेल तेव्हा बक्षिसाचा आकडा मागाहून विचारावा. प्रथम दोन प्रश्न विचारावे: झाडू कोणाकोणाच्या हाती आहे? आणि कोणती गल्ली झाडावयाची राहिली आहे? परीक्षक परत गेल्यावरही हेच प्रश्न विचारीत राहावे.