सत्याची भाषा : पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे बहुधा धर्मांतराच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले जाते. त्यामुळे त्यातील एक मूलभूत वाङ्मयीन प्रश्न दुर्लक्षित राहतो. जे सत्य निरपेक्ष, म्हणजे देश, काल आणि परंपरा यांनी बाधित न होणारे, असे मानले गेले, ते मराठीत कोणत्या शब्दांनी सांगावयाचे? या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या कार्यात आढळतात.

या उत्तरांमागील दोन भाषापरंपरा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना निमगाव केतकी येथे मुक्काम करते. अभंग ही तेथील अक्षरओळख नसलेल्या माणसाचीही धर्मभाषा आहे. याच भागाला लागून असलेल्या दौंड तालुक्यात केडगाव येथे रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले आणि तेथे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध झाले. एकीकडे पिढ्यानुपिढ्या कानी पडलेला शब्द, तर दुसरीकडे मूळ ग्रंथाशी ताडून घेतलेला शब्द, असा हा भेद आहे.

ख्रिस्ती विचारातील सत्याचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात येशू स्वतःलाच सत्य म्हणवितो, आणि अठराव्या अध्यायात सत्य म्हणजे काय, हा पिलाताचा प्रश्न अनुत्तरित राहतो. अर्थात येथे सत्य हा केवळ सिद्धान्त नसून ती एक व्यक्ती आहे. तिची ओळख शास्त्रवचनातून होते. परंतु ती ओळख म्हणजे नुसते वचनाचे ज्ञान नव्हे.

रमाबाईंच्या जीवनात हा भेद स्पष्टपणे जाणवतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि केवळ चर्चच्या अधिकारावर विसंबून कोणताही सिद्धान्त स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. त्या काळातील त्यांच्या पत्रव्यवहारात ख्रिस्ती मतांची कठोर चिकित्सा आढळते. पुढे १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र नंतर भेटला, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. सत्य स्वतः वाचून पारखावे, या आग्रहातूनच त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांकडे वळल्या. प्रचलित मराठी बायबलमधील अनेक संस्कृतप्रचुर शब्द जुना वैदिक-वेदान्ती अर्थ बरोबर घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप संस्कृतविषयीच्या अज्ञानातून आलेला नव्हता. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ठरलेल्या विदुषीला त्या शब्दांचे वजन पुरेपूर ठाऊक होते. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

टिळकांची वाट याच्या उलट दिशेने जाते. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांचाही आरंभ ग्रंथवाचनातच आहे. परंतु तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हा केवळ कृतज्ञतेचा उद्गार नव्हे. त्यात एक काव्यविचार सामावलेला आहे. ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून आळविताना टिळक वारकरी शब्दांचा जुना अर्थ पुसून टाकीत नाहीत. त्या शब्दांतील जिव्हाळा ते ख्रिस्तचरणी वाहतात. १९१७ साली मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश दिला. त्यांच्या भाषेतील मोकळेपणाचेच ते सामाजिक रूप होते.

दोन्ही वाटांना आपापले धोके आहेत. ‘अवतार’ हा शब्द योजला, तर देवाचे वारंवार अवतरणे मनात येते, आणि ख्रिस्ताच्या देहधारणेचे एकमेवत्व झाकोळते. तो टाळून नवा शब्द घडविला, तर अर्थ निर्दोष राहतो, पण श्रोत्याच्या अंतःकरणात त्याचा प्रतिध्वनी उमटत नाही. पहिला धोका रमाबाईंनी ओळखला, तर दुसरा टिळकांनी. रमाबाईंचे बायबल चर्चच्या सर्वसाधारण वापरात रुळले नाही. टिळकांची गीते मात्र ‘उपासना संगीता’तून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गाइली जातात. एवढ्यावरून टिळकांचा विजय झाला, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. गायिलेल्या शब्दाची पारख करावयास मूळ वचनाशी इमान राखणारे भाषांतर लागतेच. आणि भाषांतरित वचन आपलेसे व्हावयास त्याला लोकांच्या ओठांवर यावे लागते.

म्हणूनच या दोघांमधील भेद श्रद्धेच्या तीव्रतेचा मानता येत नाही. निरपेक्ष सत्यावर दोघांचीही निष्ठा होती. माणसाची भाषा मात्र सापेक्ष आहे, हे दोघांनीही जाणले. रमाबाईंनी ती गाळून घेतली, टिळकांनी ती वाहू दिली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे पुढील मूल्यमापन या दोन प्रवृत्तींच्या ताणातून व्हावयास हवे.