कामापुरत्या इंग्रजीची कसोटी : विमानवाहतुकीचा अनुभव व आपला वर्ग

राज्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तेव्हापासून खेड्यातील प्राथमिक शिक्षक हा इंग्रजीचा शिक्षक झाला आणि त्याचबरोबर इंग्रजीचा परीक्षकही झाला. शिकवावे कसे याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. परीक्षेचा विचार मात्र त्या मानाने थोडाच होतो. शब्दार्थ पाठ झाले, पाच वाक्ये शुद्ध लिहिली, कविता म्हणून दाखविली, की आपण गुण देतो आणि मुलास इंग्रजी येते असे समजतो. परंतु हाच मुलगा पुढे कामधंद्यास लागला म्हणजे तेथे त्याला कोणी शब्दार्थ विचारीत नाही. सांगितलेले त्याला कळले काय, न कळल्यास त्याने पुन्हा विचारले काय, आणि त्याचे म्हणणे दुसऱ्यास नीट समजले काय, एवढेच तेथे पाहिले जाते. कामासाठी लागणाऱ्या भाषेची कसोटी कशी असावी, याचा विचार एका व्यवसायाला फार मोठी किंमत मोजून करावा लागला. तो व्यवसाय म्हणजे विमानवाहतूक. त्याची हकीकत आपल्या वर्गालाही उपयोगी पडेल अशी आहे.

१. दोन अपघात

दिनांक २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया देशाचे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कजवळ येऊन पोहोचले. हवा खराब असल्यामुळे त्याला एक तासाहून अधिक काळ आकाशातच घिरट्या घालाव्या लागल्या व इंधन संपत आले. मुख्य वैमानिक आपल्या सहवैमानिकाशी स्पॅनिश भाषेत बोलत होता. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम सहवैमानिकाकडे होते. त्याने इंधन संपत आल्याचे सांगितले, आपल्याला अग्रक्रम हवा असेही सांगितले. परंतु प्राणसंकट दर्शविणारा 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्याने उच्चारला नाही. संकट किती निकट आहे हे नियंत्रकांच्या ध्यानी आले नाही. विमान कोसळले व त्यातील १५८ जणांपैकी ७३ जण मृत्यू पावले. सहवैमानिकास इंग्रजी येत नव्हते असे नाही. कोणत्या प्रसंगी कोणता शब्द किती वजनाचा, ही कामाची भाषा तेथे उणी पडली.

दुसरा अपघात आपल्याच देशातील आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान यांची हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ आकाशात टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे प्राणांस मुकली. येणाऱ्या विमानास १५ हजार फुटांवर व जाणाऱ्या विमानास १४ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. येणारे विमान आपली उंची सोडून खाली उतरले. कझाक विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ-संचालक वेगळा होता आणि वैमानिक त्याच्यावर विसंबून होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत विमानाने उंची सोडल्याचा दोष स्पष्ट झाला व त्यामागील कारणांत त्या चमूचे अपुरे इंग्रजी हेही एक असल्याचे दिसून आले. भाषा हे अशा अपघातांचे एकमेव कारण क्वचितच असते. पण अनेक कारणांच्या साखळीत ती एक कडी असू शकते, हे येथे विसरून चालत नाही.

२. कसोटीची रचना

अशा अनुभवांवरून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ साली भाषेचे निश्चित मानदंड स्वीकारले व ते २००८ पासून लागू केले. ज्या राष्ट्रांची तयारी अपुरी होती त्यांना २०११ पर्यंत सवड मिळाली. आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिक व नियंत्रक यांची इंग्रजीतील बोलण्याची व ऐकून समजण्याची शक्ती या मानदंडांनी मोजली जाते. लेखन-वाचनाचा त्यांत अंतर्भाव नाही. कारण आकाशात ते काम तोंडाने व कानाने होते.

तपासणीची अंगे सहा आहेत : उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद राखण्याची हातोटी. प्रत्येक अंगाच्या सहा पायऱ्या आहेत. त्यांतील चौथी पायरी ही कामावर रुजू होण्यास आवश्यक अशी किमान पायरी होय. चौथ्या पायरीवरील व्यक्तीची तपासणी दर तीन वर्षांनी, पाचव्या पायरीवरील व्यक्तीची दर सहा वर्षांनी पुन्हा करावी, अशी शिफारस आहे. कारण वापरात नसलेली भाषा गंजते. सहाव्या पायरीवरील व्यक्तीस मात्र पुनःतपासणीची आवश्यकता मानलेली नाही.

३. ध्यानात घेण्याजोगी चार तत्त्वे

पहिले तत्त्व असे की, सहा अंगांची सरासरी काढली जात नाही. ज्या अंगात माणूस सर्वांत कमी असेल तीच त्याची पायरी ठरते. उच्चार सुरेख, शब्द विपुल, पण ऐकलेले समजत नाही, अशास उत्तीर्ण केले जात नाही. बांधाची उंची त्याच्या सर्वांत खालच्या जागेवरून मोजावी, तसाच हा न्याय आहे. पाणी तेथूनच फुटते.

दुसरे तत्त्व उच्चाराविषयी आहे. इंग्रजांसारखे बोलावे अशी अपेक्षा नाही. मातृभाषेची छटा उच्चारात उतरली तरी हरकत नाही. ऐकणाऱ्यास ते समजण्यात अडथळा येऊ नये, एवढेच पाहिले जाते.

तिसरे तत्त्व म्हणजे, पाठ केलेल्या वाक्यांवर भागत नाही. वैमानिकांची बरीचशी वाक्ये ठरलेली असतात. परंतु अकल्पित प्रसंग आला की ठरलेली वाक्ये अपुरी पडतात व साध्या भाषेत सांगावे लागते. म्हणून नेमका शब्द न आठवल्यास तोच आशय दुसऱ्या शब्दांत सांगता येतो की नाही, हे तपासले जाते.

चौथे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे आहे. अनपेक्षित प्रसंगी आकलन काहीसे मंदावले तरी चौथ्या पायरीवर ते क्षम्य आहे. मात्र समजले नाही हे ओळखून पुन्हा विचारणे व खात्री करून घेणे हे आलेच पाहिजे. अर्थात, पुन्हा विचारणे हा येथे भाषेतील दोष मानलेला नसून ते भाषेतील कौशल्य मानलेले आहे. याच हेतूने नियंत्रकाची महत्त्वाची आज्ञा वैमानिकाने उलट उच्चारून दाखवावी, असा परिपाठ आहे.

४. वर्गात काय करता येईल

आपल्या शाळांतील बहुतेक मुले वैमानिक होणार नाहीत. परंतु कोणी रुग्णालयात, कोणी गोदामात, कोणी कारखान्यात, कोणी परगावच्या दुकानात काम करील; तेथे चुकीचे समजलेले औषधाचे प्रमाण किंवा यंत्राविषयीची सूचनाही अपाय करू शकते. म्हणून पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

(अ) तोंडी परीक्षेत ऐकून कृती करावयाचा एक प्रश्न ठेवावा. वही बाकाखाली ठेव, तीन खडे मोजून आण, झाडाच्या डावीकडे घर काढ, अशी सूचना इंग्रजीत द्यावी. उत्तर बोलून नव्हे, करून द्यावयाचे असल्याने पाठांतराचा उपयोग होत नाही.

(आ) सूचना ऐकल्यावर मुलाने ती प्रथम आपल्या तोंडाने उलट सांगावी व मग कृती करावी.

(इ) एखादी सूचना मुद्दाम हळू आवाजात अथवा अर्धवट द्यावी. 'प्लीज, से इट अगेन' असे जो विचारील त्याला गुण द्यावेत. न समजता मान डोलावणाऱ्यास रागावू नये, पण गुणही देऊ नयेत.

(ई) ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांचे गुण वेगवेगळे नोंदवावेत. प्रगतिपत्रकात बेरीज करावी लागली तरी आपल्या वहीत चारही आकडे ठेवावेत आणि सर्वांत लहान आकडा जेथे असेल तेथे पुढील महिन्याचा अभ्यास द्यावा.

यांपैकी (इ) ही सूचना आचरणात आणणे सर्वांत कठीण जाईल. आपल्या वर्गांतून पुन्हा विचारणारा मूल बहुधा 'लक्ष नव्हते काय?' असे ऐकतो. एकदा असे ऐकले की ते मूल पुन्हा विचारीत नाही, मान डोलावू लागते आणि ती सवय घेऊनच मोठे होते. शिक्षकाने न रागावता दुसऱ्यांदा सांगितले, तर पुढे केव्हातरी परक्या माणसासमोर, परक्या भाषेत, 'मला समजले नाही' असे म्हणण्याचे धैर्य त्या मुलास येईल.

स्वाध्याय

१. आपल्या मागील तोंडी परीक्षेतील प्रश्न पाहून, त्यांतील किती प्रश्न केवळ पाठांतरावर सुटतात ते मोजावे.
२. आपल्या गावातील कामधंद्यांत इंग्रजी कोठे व कोणत्या स्वरूपात लागते याची यादी करावी व तिच्या आधारे ऐकून कृती करावयाचे पाच प्रश्न तयार करावेत.
३. एका वर्गातील मुलांचे चारही अंगांचे गुण स्वतंत्र नोंदवून, सरासरीने झाकला गेलेला कच्चेपणा कोणता, याची चर्चा केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावी.