ऑफर आली! पहिला पगार जमा होईपर्यंतची कृती

अभिनंदन! इतके महिने वाट पाहून आलेला हा फोन आहे. आता वही-पेन घ्या आणि टेबलाशी बसा. ऑफर आल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंतची सगळी कामं आपण एकेक करून उरकू. घरात बराच काळ पगार आलेला नसला की माणूस आधी होकार देतो आणि आकडा नंतर बघतो. आपण आकडा आधी बघणार आहोत, म्हणून पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

हाताशी ठेवा: आधार, पॅन, आधीच्या नोकरीतल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, पीएफचा १२ आकडी यूएएन, मार्कशीट, रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट साइझ फोटो. एखादा कागद सापडत नसला तरी सुरुवात करा, त्याची सोय पुढे आहे.

१. फोनवर एक दिवसाचा वेळ मागून घ्या. एवढंच बोला: "खूप आनंद झाला मॅडम, आभारी आहे. ऑफर लेटर मेल करा, मी वाचून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो." सावध: "कधीही येतो, कितीही चालेल" हे तोंडातून निघालं की पुढे बोलायला जागा उरत नाही.

२. ऑफर लेटर ईमेलवर मागवा. पद, पगाराची फोड, कामाचं ठिकाण आणि रुजू व्हायची तारीख या चार गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. सावध: व्हॉट्सॲपवरच्या "यू आर सिलेक्टेड" मेसेजला ऑफर समजू नका.

३. ऑफर खरी आहे का, ते तपासा. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून उघडा, तिथल्या नंबरवर फोन करा आणि तुम्हाला मेल पाठवणारी व्यक्ती तिथे काम करते का, ते विचारा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तिचं नाव सापडतं. सावध: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच असतील तर त्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड होतं.

४. हातात पडणारा पगार काढा. ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू. समजा पत्रात वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, ४,८०,००० लिहिला आहे. मनात लगेच "महिना ४०,०००" येतं. तसं नसतं. वहीत माझ्याबरोबर मांडा. व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम समजा वर्षाला ४८,००० आहे, ती बाजूला काढा. राहिले महिना ३६,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० वजा करा. बेसिक १८,००० असेल तर त्याच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ८६६ ग्रॅच्युइटीसाठी दाखवलेले असतात, तेही वजा करा. आरोग्य विम्याचे समजा ५००. उरले ३२,८३४, हा तुमचा ग्रॉस. आता तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० काढा. हातात ३०,८३४. तुमच्या पत्रातले आकडे घालून हेच गणित करा. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापला जातो. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातील, पण त्यात घरच्यांच्या उपचारांची सोय होते. सावध: व्हेरिएबलच्या भरवशावर कुठलाही हप्ता ठरवू नका.

५. त्या आकड्याशेजारी घरखर्च लिहा. भाडं किंवा कर्जाचा हप्ता, किराणा, मुलांची फी, औषधं, या काळात घेतलेली उसनवारी. सावध: रोजचं जाणं-येणं, बाहेरचा चहा-नाश्ता आणि मूल लहान असेल तर पाळणाघर हे खर्च नव्याने सुरू होतात, ते विसरू नका.

६. अटी मोठ्याने वाचा. प्रोबेशन किती महिने, नोटीस पीरियड किती, शिफ्ट कुठली, बदली कुठे होऊ शकते. घरातल्या कुणाला तरी ऐकायला बसवा. सुटलेली ओळ दुसऱ्याच्या कानाला बरोबर लागते. सावध: बाँड असेल तर किती काळाचा आणि मधे सोडल्यास किती रक्कम, हे दोन्ही आकडे वहीत उतरवा. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवायला सांगत असतील तर नकार द्या. दाखवायच्या, आणि परत घ्यायच्या.

७. पगारावर एकदा बोला. होय, मधे नोकरी नसल्याची गॅप असली तरीही! त्यांनी तुमची गॅप बघूनच ऑफर दिली आहे, त्यामुळे एक सभ्य प्रश्न विचारल्याने चांगली कंपनी ऑफर मागे घेत नाही. अशी सुरुवात करा: "काम मला मनापासून आवडलंय. या अनुभवाला अमुक इतकी अपेक्षा होती. फिक्स्ड भागात काही वाढ होऊ शकेल का?" मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. वाढ नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार कराल का, ते विचारा. सावध: कर्ज, आजारपण, घरची ओढाताण यांतलं काही सांगू नका, आणि हातात नसलेली दुसरी ऑफर आहे असंही म्हणू नका.

८. ठरलेला बदल पत्रात घालून घ्या. सावध: "तुम्ही या, नंतर बघू" याचा अर्थ काहीही ठरलेलं नाही.

९. लेखी होकार पाठवा. "ऑफर मान्य आहे, अमुक तारखेला रुजू होतो किंवा होते." दोन ओळी पुरेत. सावध: सही केलेल्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा.

१०. गॅपचा तपशील तारखांसह एका पानावर लिहा. कधी नोकरी सुटली, का सुटली, मधल्या काळात काय केलं: कोर्स, शिकवण्या, वडिलांचं आजारपण, फुटकळ कामं. जे केलं तेच लिहा, त्यात कमीपणा कसलाच नाही. सावध: जुन्या नोकरीची तारीख चार महिने पुढे ताणू नका. पीएफच्या नोंदीत शेवटचा महिना स्पष्ट दिसतो आणि पडताळणीत तोच पाहिला जातो. मिळालेली नोकरी गॅपपेक्षा खोट्या तारखेमुळे जास्त वेळा जाते.

११. पीएफच्या पोर्टलवर जुन्या नोकरीची "एक्झिट डेट" भरलेली आहे का, ते बघा. आधीच्या कंपनीने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तुम्हाला स्वतः भरता येते. सावध: तारीख रिलीव्हिंग लेटरशी जुळवूनच भरा.

१२. पॅन आधारशी जोडलेलं आहे, याची खात्री करा. सावध: पॅन निष्क्रिय असेल तर पगारातून जास्त दराने कर कापला जातो.

१३. कागद एचआरला पाठवा. रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नसेल तर जुन्या कंपनीला आजच मेल करा आणि त्या मेलची प्रत नव्या एचआरला दाखवा. सावध: ओटीपी किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कुठलीही खरी कंपनी मागत नाही.

१४. पडताळणी पूर्ण झाली का, ते विचारा. तोवर बाकीच्या मुलाखती चालू ठेवा. सावध: बऱ्याच ऑफरी पडताळणीवर अवलंबून असतात, त्यामुळे सोशल मीडियावर जाहीर करायची घाई नको.

१५. आता पेढे वाटा! घरच्यांबरोबरच ज्यांनी तुमचा बायोडेटा पुढे पाठवला, ओळख काढून दिली, त्यांना स्वतः फोन करा. उरलेल्या मुलाखतीही याच दिवशी नम्रपणे रद्द करा. सावध: न कळवता गैरहजर राहिलात तर ते दार पुढच्या वेळी बंद असतं.

१६. पहिला पगार कोणत्या तारखेला येईल, ते एचआरला विचारा. महिन्याच्या अखेरीकडे रुजू झालेल्यांचा पगार बऱ्याच ठिकाणी पुढच्या महिन्याच्या पगारात मिळून येतो. तेवढ्या दिवसांचे पैसे आत्ताच वेगळे काढा. सावध: "नोकरी लागली" म्हणून आजच क्रेडिट कार्डावर खरेदी करू नका.

१७. ऑफिसच्या वेळेला एकदा जाऊन या. सकाळची लोकल किंवा बस धरा आणि दारापर्यंत किती वेळ लागला, ते घड्याळावर बघा. सावध: दुपारी रिकाम्या गाडीतून केलेला प्रवास मोजू नका.

१८. पहिल्या दिवशी पीएफच्या फॉर्ममध्ये जुनाच यूएएन लिहा. सावध: "नवीन काढू या" म्हणाले तरी जुना पुढे करा. एका माणसाचा एकच यूएएन असतो.

१९. याच आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीतून पगार मिळाला असेल तर तो नव्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी कळवा. सावध: न कळवल्यास दोन्हीकडे सूट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना फरक व्याजासह भरावा लागतो.

२०. नेमणुकीचं पत्र ऑफर लेटरशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघा. सावध: फरक दिसला तर सही करण्याआधी विचारा.

२१. पहिली स्लिप तुमच्या वहीतल्या गणिताशी जुळवा. दोन-चारशेचा फरक कर किंवा विम्याचा असू शकतो. मोठा असेल तर त्याच आठवड्यात विचारा.

२२. पीएफच्या पासबुकात नवा हप्ता दिसू लागला की जुनी शिल्लक नव्या खात्यात वळती करून घ्या. गरज नसेल तर ती काढू नका. आधीच्या नोकरीची वर्षं धरून पाच वर्षं पूर्ण झाली की पीएफ काढताना प्राप्तिकर लागत नाही.